चार खाटांचं मैत्र

महिला महाविद्यालयांच्या माजी विद्यार्थिनी संघांची वाटचाल बहुधा ठरलेली असते. निरोप समारंभानंतर दोन-तीन वर्षं उत्साह टिकतो. मग लग्नं, बदल्या, बाळंतपणं सुरू होतात, एकमेकींचे पत्ते हरवतात, आणि एकदम रौप्यमहोत्सवाच्या निमित्तानं सगळ्या पुन्हा जमतात. एक दिवस गाणी, फोटो, जेवण. त्यानंतर पुन्हा अनेक वर्षांची शांतता. याचं कारण विचारलं की बायकांच्या संसाराकडे बोट दाखवलं जातं. वेळ मिळत नाही, सासर लांब पडतं, घरच्यांना आवडत नाही. हे सगळं खरं आहे, पण नागपूरचा इतिहास पाहिला तर ते पुरेसं वाटत नाही. बाईनं उंबरठा ओलांडणंच जिथे अवघड होतं त्या काळात, याच शहरात, एकत्र शिकलेल्या दोघींनी सुरू केलेलं काम शंभर वर्षं ओलांडून गेलं. आणि आज गाडी, फोन, पगार हे सगळं हाताशी असलेल्या पदवीधरांचे संघ दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच थंडावतात. म्हणजे वेळेच्या अभावापलीकडचं काहीतरी शोधायला हवं. मला दिसतं ते असं: शिक्षणातून जुळलेलं मैत्र टिकतं ते त्या मैत्रिणींच्या वर्तुळाबाहेर कुणीतरी त्यांच्या येण्याची वाट पाहत असेल तेव्हा. आपापसातली ओढ कितीही खरी असली तरी ती मंडळ सुरू करून देते, चालवत नाही.

याचा सगळ्यात ठळक पुरावा म्हणजे त्या दोघींचा मातृसेवा संघ. कमलाताई होस्पेट मूळच्या मोहोनी. जन्म १८९६ चा, लग्न बाराव्या वर्षी, वैधव्य पंधराव्या वर्षी. नागपुरात माहेरी परतल्यावर त्यांनी १९१८ मध्ये डफरिन रुग्णालयात परिचारिकेच्या शिक्षणासाठी नाव घातलं आणि १९२० मध्ये ते पूर्ण केलं. परिचारिकेचं काम तेव्हा पांढरपेशा घरांत हलकं मानलं जाई. रक्त, मळ, विटाळ, अनोळखी माणसांची शुश्रूषा, रात्रपाळी, यांतली एकही गोष्ट घरंदाजपणाच्या चौकटीत बसणारी नव्हती. या शिक्षणात त्यांची गाठ वेणूताई नेने यांच्याशी पडली. शिक्षण संपल्यावर दोघींनी नोकरी धरून अधूनमधून भेटत राहणं हा सोपा मार्ग होता. त्याऐवजी त्यांनी १९२१ मध्ये भाड्याच्या जागेत चार खाटांचं सूतिकागृह सुरू केलं; तीच मातृसेवा संघाची सुरुवात. त्या चार खाटांचं महत्त्व कळायला त्या वेळचं बाळंतपण डोळ्यांसमोर आणावं लागतं. घरातली सगळ्यात अंधारी, वाऱ्याला बंद असलेली खोली, खाटेखाली शेगडी, खाटेवर जुनी वस्त्रं, आणि नाळ कापायला हाताशी येईल ते पातं. त्या पात्यावरून धनुर्वात बाळाच्या अंगात शिरे आणि आठवड्याच्या आत मूल आखडून जाई. घरचे म्हणत, बाहेरचं लागलं. बाळंतरोगानं आई जाई ती वेगळीच. बायकांवर बायकांनीच उपचार करावेत म्हणून लेडी डफरिन यांच्या नावाचा निधी १८८५ पासून देशात काम करत होता. पण सरकारी छापाच्या, परक्या वळणाच्या रुग्णालयात सुनेला पाठवायला मराठी घरं तयार नसत. आपली भाषा बोलणाऱ्या, आपल्यासारखं लुगडं नेसणाऱ्या दोन शिकलेल्या बायकांच्या घरात पाठवायला मात्र ती हळूहळू तयार झाली. खाट मांडलेली असली की तिच्यावर कुणीतरी येणार, आणि ती आली की दोघींपैकी एकीला तिथे असावंच लागणार. या सक्तीनं त्या मैत्रीला कणा दिला.

याच्या शेजारी त्या काळात बायकांना एकत्र आणणारे दुसरे प्रसंग ठेवून पाहावेत. हळदीकुंकू, मंगळागौर, भोंडला-भुलाबाई, डोहाळजेवण. मराठी बायकांचं सगळं सामाजिक आयुष्य या प्रसंगांभोवती फिरत असे. त्यांना कमी लेखण्याचं मुळीच कारण नाही. घरात कोंडलेल्या बाईला महिन्या-दोन महिन्यांनी चार घरं फिरायला मिळत, सुखदुःख बोलायला मिळे, आणि पुढे सुधारकांनी आणि राजकीय चळवळींनीही स्वदेशीचा, साक्षरतेचा विषय बायकांपर्यंत न्यायला हळदीकुंकवाचाच आधार घेतला. पण या भगिनीभावाला एक दार होतं, आणि ते विधवेसाठी बंद होतं. पंधराव्या वर्षी नवरा गेलेल्या मुलीला रूढीनं या कुठल्याही बैठकीत मानाची जागा नव्हती. नागपुरातला सगळ्यात दीर्घायुषी भगिनीसंघ ज्या बाईनं उभा केला, तिला प्रचलित भगिनीभावानं आधी बाहेर ठेवलं होतं, हा योगायोग मला वाटत नाही. कपाळावरच्या कुंकवावर जमणाऱ्या मंडळात कुंकू गेलं की नातं संपतं. कामावर जमणाऱ्या मंडळात बाई कुणाची कोण हे विचारायला फुरसत नसते. बाळंतिणीच्या कळा सुरू झाल्या की पाहिला जातो तो समोरच्या बाईचा हात सराईत आहे का.

इथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. मातृसेवा संघ ही संस्था झाली. भाड्याच्या घरातून ती सीताबर्डीवर स्वतःच्या इमारतीत गेली, तिच्या शाखा महाराष्ट्रात आणि मध्य प्रांताच्या इतर भागांत पसरल्या, मतिमंद मुलांसाठी ‘नंदनवन’, अपंग मुलांसाठी ‘स्नेहांगण’, वृद्धांसाठी ‘पंचवटी’ उभं राहिलं. कमलाताईंना १९६१ मध्ये पद्मश्री मिळाली. पण पगारी कर्मचारी, विश्वस्त, अनुदान, लेखापरीक्षण एकदा आलं की त्याला मैत्र कसं म्हणायचं? मैत्रिणींचं मंडळ ते मंडळ आणि रुग्णालय ते रुग्णालय. दोन्हींची तुलनाच चूक आहे, असं कुणी म्हणेल. यात तथ्य आहे. संस्था मोठी झाली की सुरुवातीची जवळीक पातळ होते, हे सगळीकडे दिसतं. तरी या आक्षेपात एक गृहीत दडलेलं आहे, की शुद्ध मैत्री ही निर्हेतुक असते आणि हेतू आला की ती बिघडते. आपल्या रोजच्या व्यवहारातली भिशी पाहिली तर हे गृहीत टिकत नाही. वाड्यातल्या, गल्लीतल्या, ऑफिसातल्या बायकांची भिशी वर्षानुवर्षं चालते, कारण दर महिन्याला कुणाची तरी चिठ्ठी निघायची असते. ज्यांना रक्कम मिळाली त्या पुढचे हप्ते बुडवू शकत नाहीत, ज्यांना मिळायची आहे त्या सोडून जाऊ शकत नाहीत. या देण्याघेण्याच्या बंधनाच्या आसऱ्यानं गप्पा होतात, मुलींची स्थळं निघतात, आजारपणात डबे पोचतात. बंधन काढून नुसत्या गप्पा ठेवल्या तर पाचव्या महिन्यात निम्म्या बायका येत नाहीत. हेतूनं मैत्री बिघडत नाही. उलट कुणालाही न दुखावता नियमित भेटण्याचं कारण तिला हेतूच पुरवतो. ‘मला काम आहे’ हे सासरी सांगता येतं. ‘मला मैत्रिणींना भेटायचंय’ हे सांगायला आजही अनेकींची जीभ अडते.

बंधन ठराविक तिथीला यावं लागतं, हेही या इतिहासात वारंवार दिसतं. पुण्याजवळ हिंगण्याला महर्षी कर्व्यांनी बायकांच्या शिक्षणासाठी काढलेल्या संस्थेनं भाऊबीज निधीची प्रथा पाडली. दिवाळीच्या दिवसांत कार्यकर्ते आणि संस्थेत शिकून गेलेल्या बायका गावोगावी घरोघर जाऊन ओवाळणी म्हणून छोट्या रकमा गोळा करत. रक्कम किती जमली हा हिशेब महत्त्वाचा होताच, पण त्याहून मोलाचं हे की लग्न होऊन दूरच्या गावी गेलेली संस्थेतली मुलगी वर्षातून एकदा पावतीपुस्तक हातात घेऊन स्वतःची ओळख पुन्हा सांगे. सासरच्या गावात ती कुणाची तरी सून असे, दिवाळीच्या त्या चार दिवसांत ती हिंगण्याची विद्यार्थिनी होई. पंचांगात आधीपासून असलेल्या सणाला काम जोडल्यामुळे तारीख ठरवायची भानगड नव्हती आणि आठवण करून द्यायला चिटणीस लागत नव्हती. आजचे संघ सभेची तारीख ठरवण्यातच दमतात.

कॉलेजातल्या भगिनीसंघांची सगळ्यात जुनी आणि पसरलेली परंपरा अमेरिकेत आहे. तिथे त्यांना सोरोरिटी म्हणतात. ती परंपराही हेच सांगते, विशेषतः कृष्णवर्णीय विद्यार्थिनींच्या संघांची. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात १९०८ मध्ये स्थापन झालेल्या अल्फा कॅपा अल्फा या संघात पदवीनंतर सदस्यत्व संपत नाही. शिकून बाहेर पडलेल्या सदस्यांच्या गावोगावी शाखा असतात. या पदवीधर सदस्यांनी १९३५ पासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत दर उन्हाळ्यात मिसिसिपी राज्यात आरोग्यमोहीम चालवली. डॉ. डोरोथी फेरेबी तिच्या प्रमुख होत्या. शिक्षिका, परिचारिका, डॉक्टर बायका स्वतःच्या मोटारी घेऊन निघत. मळेवाले मजुरांना दवाखान्यापर्यंत यायला मोकळं सोडेनात, म्हणून त्यांनी दवाखानाच मोटारीत घालून कापसाच्या मळ्यांवर नेला. मुलांना घटसर्प आणि देवीच्या लशी टोचल्या. नागपूरच्या खाटा आणि मिसिसिपीच्या मोटारी यांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. तरी दोन्हीकडे शिकलेल्या बायकांनी आपल्या शिक्षणातलंच कौशल्य कामाला लावलं, आणि ते कौशल्य जिथे मुळीच पोचत नव्हतं तिथे नेलं. माजी विद्यार्थिनी संघ वह्यावाटप किंवा वृक्षारोपण करतात तेव्हा हेतू चांगला असतो, पण ते काम कुणीही करू शकतं, म्हणून ते करायला हाच संघ टिकला पाहिजे असं कुणालाच वाटत नाही.

आता या गोष्टीची काळी बाजू. नागपूरनं ती जितकी स्पष्ट दाखवली तितकी फार थोड्या शहरांनी दाखवली असेल. डिसेंबर १९३७ मध्ये अखिल भारतीय महिला परिषदेचं अधिवेशन नागपुरात भरलं. देशभरातल्या सुशिक्षित, पुरोगामी म्हणवणाऱ्या बायका आल्या होत्या. जाईबाई चौधरी यांनाही तिथे जायचं निमंत्रण होतं. जाईबाई उमरेडच्या, अस्पृश्य मानल्या गेलेल्या कुटुंबातल्या. लहानपणी कामठीकडून नागपुरापर्यंत डोक्यावरून ओझी वाहिलेल्या. मिशनमधल्या एका धर्मभगिनीनं त्यांना शिकवलं, चार रुपये पगारावर शाळेत शिक्षिका केलं, पण त्या कोण हे कळताच पालकांनी मुलं काढून घेतली आणि नोकरी गेली. पुढे १९२२ मध्ये त्यांनी नागपुरात मुलींसाठी संत चोखामेळा शाळा काढली. त्यांच्या आधी, १९०७ मध्ये, किसन फागुजी बनसोडे यांनी चोखामेळ्याच्याच नावानं मुलींची शाळा सुरू केली होती. जाईबाईंचं काम त्या परंपरेतलं. अशा बाईला आणि तिच्या सोबतिणींना त्या अधिवेशनात जेवणाच्या वेळी वेगळं बसवलं गेलं. भगिनीभावाच्या ठरावांच्या आणि पंगतीच्या मधोमध ही रेघ ओढली गेली. हे घडवणाऱ्या बायका अडाणी नव्हत्या, त्यांनी महाविद्यालयं पाहिली होती. म्हणून शिक्षणानं जुळलेलं मैत्र आपोआप उदार असतं हा समज इथेच सोडून द्यावा लागतो. एका वर्गात, एका वसतिगृहात राहिलेल्या मुली एकमेकींना धरून राहतात तेव्हा ज्यांना त्या वर्गात, त्या वसतिगृहात प्रवेशच नव्हता त्या आपोआप बाहेर राहतात. शिक्षण जितकं दुर्मीळ, तितकं हे कुंपण उंच.

१९३८ च्या सुरुवातीलाच दलित बायकांनी नागपुरात स्वतःची सभा घेऊन या वागणुकीचा निषेध केला. त्या तिथे थांबल्या नाहीत, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. अपमानाच्या निषेधासाठी जमलेली सभा साधारणपणे अपमान विरला की विरते. इथे चार-साडेचार वर्षांत, २० जुलै १९४२ रोजी, नागपूरच्या मोहन पार्कात अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या, डॉ. बाबासाहेब आंबेडकर उपस्थित होते, आणि हजारो बायका आल्या होत्या. परिषदेनं केलेले ठराव वाचले की तिच्यातलं काम दिसतं. बायकोला घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वाला बंदी, गिरणीत आणि विडी कारखान्यात काम करणाऱ्या बायकांना भरपगारी रजा, वीस वर्षं राबल्यावर निवृत्तिवेतन, बायकांच्या खात्यावर बाईच देखरेखीला, सक्तीचं प्राथमिक शिक्षण, मुलींसाठी वसतिगृहं, विधिमंडळात जागा. शाळेच्या बाकावरून निघालेला धागा गिरणीच्या खात्यापर्यंत गेला. जाईबाईंच्या शाळेत अक्षर गिरवलेली मुलगी आणि एम्प्रेस मिलच्या भोंग्यावर उठणारी तिची आई यांना एकाच ठरावात जागा मिळाली. पंगतीत वेगळं बसवणाऱ्या भगिनीसंघाला कुंपण होतं. या परिषदेचा तर विषयच कुंपणाबाहेरची बाई हा होता. माझ्या म्हणण्याला यापेक्षा भक्कम आधार मला सापडत नाही.

दुसरा आक्षेप मला अधिक जवळचा वाटतो. प्रत्येक भेटीतून सेवा, ठराव, कार्य निघालंच पाहिजे का? आयुष्यभर घरासाठी, दुसऱ्यांसाठी राबणाऱ्या बाईला कॉलेजच्या मैत्रिणींत तरी नुसतं हसायला, जुन्या बाई-सरांच्या नकला करायला, स्वतःच्या पहिल्या नावानं हाक मारून घ्यायला मिळू नये का? मिळालंच पाहिजे. त्या हाकेची किंमत कमी नाही. सासरी गेल्यावर कित्येकींना माहेरच्या नावानं हाक मारणारं शहरात कुणीच उरत नाही. पण आठवण हीसुद्धा नुसती चघळण्याची गोष्ट नाही. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या वृद्ध बायकांना शोधून, त्यांच्या घरी जाऊन, बोलतं करून ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक १९८९ मध्ये सिद्ध केलं, म्हणून जाईबाईंसारख्यांची आणि १९४२ च्या परिषदेची हकिगत आज आपल्या हाती आहे. तोवर ती त्या बायकांच्या मनात होती आणि त्यांच्याबरोबर जाणार होती. म्हणजे आठवणीलाही कुणीतरी वाट पाहणारं असतं, फक्त ते अजून जन्मलेलं नसतं. ज्या संघात नव्वदीच्या माजी विद्यार्थिनी आहेत त्यांनी स्नेहसंमेलनातला एक तास कागद-पेन्सिल किंवा ध्वनिमुद्रक घेऊन बसावं. हसण्याच्या आड ते येणार नाही.

नागपुरातलं सगळ्यात जुनं महिला महाविद्यालय १९३२ मध्ये सेंट्रल कॉलेज फॉर विमेन या नावानं सुरू झालं. डागा कुटुंबाच्या देणगीनंतर ते लेडी अमृतबाई डागा महाविद्यालय झालं. गावात सगळे ‘एलएडी’च म्हणतात. विदर्भाच्या आणि छत्तीसगडाच्या कित्येक घरांतली पहिली पदवीधर मुलगी अशा महाविद्यालयांनी घडवली. अशा मुलींचा संघ चालवताना एक अगदी साधी अडचण येते आणि ती कुठल्याही तत्त्वचर्चेपेक्षा जास्त संघ मारते. रजिस्टरात नाव असतं माहेरचं, पत्ता असतो वडिलांचा. लग्नानंतर आडनाव बदलतं, पुष्कळदा नावही बदलतं, वडिलांचं घर विकलं जातं. मुलांच्या शाळांच्या माजी विद्यार्थी संघांना चाळीस वर्षांपूर्वीचा पाटील आजही पाटील म्हणूनच सापडतो. मुलींच्या संघाला आपल्या अर्ध्या सभासद ओळखूही येत नाहीत. दोन आडनावांचे दोन रकाने आणि एका कायम राहणाऱ्या नातेवाइकाचा पत्ता, एवढी वही पहिल्या वर्षापासून नीट ठेवली तर पुढचं पुष्कळ सोपं होतं. याला जोड कायद्याची. संघाची नोंदणी संस्था म्हणून १८६० च्या कायद्याखाली आणि न्यास म्हणून धर्मादाय आयुक्तांकडे होते. मग दरवर्षी हिशेब तपासून घ्यायचा आणि कार्यकारिणी बदलली की बदल अर्ज भरायचा. हा बदल अर्ज कुणी भरत नाही. कागदोपत्री जुन्याच बायका पदाधिकारी राहतात, त्यातल्या एखादीचं निधन झालेलं असतं, एखादी परदेशी असते. बँक सही मान्य करत नाही, जमलेले पैसे अडकतात, आणि त्या वैतागात उरलेल्या चारजणी काम सोडतात. आता महाविद्यालयांचा दर्जा तपासणाऱ्या ‘नॅक’च्या मूल्यांकनात माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाला गुण असल्यामुळे प्रत्येक महाविद्यालयाला असा संघ दाखवावा लागतो. गुणांसाठी संघ नोंदवला जातो, ही वाईट सुरुवात नाही. पण ते मूल्यांकन काही वर्षांनी एकदा होतं, आणि त्याची वाट पाहणं हे काम होऊ शकत नाही.

कमलाताई १९८१ मध्ये गेल्या. चार खाटांना तेव्हा साठ वर्षं झाली होती. संस्थापिका गेल्यावर बहुतेक भगिनीसंघ संपतात, कारण ते एका वयाच्या बायकांचे असतात. सगळ्या एकदमच म्हाताऱ्या होतात. मातृसेवा संघ संपला नाही याचं श्रेय पुष्कळदा इमारतींना आणि देणग्यांना दिलं जातं. मला दुसरी गोष्ट अधिक निर्णायक वाटते. संघानं स्वतःच शिकवायला सुरुवात केली. परिचारिकांचं शिक्षण सुरू झालं, आणि १९५८ मध्ये समाजकार्य महाविद्यालय निघालं. ज्या मैत्रीचा उगम वर्गात झाला होता तिनं स्वतःचा वर्ग काढला, त्यामुळे दरवर्षी विशी-बाविशीच्या मुली आत येत राहिल्या आणि त्यातल्या काही राहून गेल्या. आजच्या माजी विद्यार्थिनी संघांना महाविद्यालय काढणं जमणार नाही, जमायची गरजही नाही. पण गडचिरोली, गोंदिया, भंडारा, चंद्रपूरहून मुली शिकायला नागपुरात येतात. त्यांना शहर अनोळखी, वसतिगृहाची जागा अनिश्चित, इंग्रजीची धास्ती, आणि घरी परत बोलावलं जाण्याची टांगती तलवार. १९४२ च्या परिषदेनं मुलींच्या वसतिगृहांची मागणी केली होती; ती मागणी अजून पुरती भागलेली नाही. माजी विद्यार्थिनींनी पहिल्या वर्षातल्या एकेका मुलीची जबाबदारी घेतली, पदवी मिळेपर्यंत सोडली नाही, आणि ती मुलगी पदवी घेऊन त्याच संघात येऊन पुढच्या मुलीची जबाबदारी घ्यायला बसली, तर त्या संघाला वयाची भीती उरणार नाही. अशा संघाची पहिली सभा प्रवेश सुरू व्हायच्या आतच घ्यावी लागेल.